चुलीपुढची वर्षंही मोजा

फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका माणसागणिक काढून मगच कमी डोसचा सीटी स्कॅन करावा, हे लेखातलं म्हणणं मला पटलं. पण हिशेबात काय धरायचं, तिथे माझा जीव अडकतो.

माझ्या आईने आयुष्यात विडी ओढली नाही. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी बारमाही चूल, आणि मार्च ते मे काजूच्या फेणीची भट्टी. भांड्याखाली लाकूड सारायचं, पदराने डोळे पुसायचे, पुन्हा सारायचं. खोकला धरला तेव्हा कित्येक महिने टीबीची औषधं चालली. एक्स-रेवरचा डाग 'जुना असेल' म्हणून सोडला गेला. खरं निदान झालं तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती.

या स्कॅनसाठीचा अमेरिकेचा २०२१ चा निकष बघा: वय ५० ते ८०, रोज एक पाकीट या हिशेबाने किमान २० वर्षं सिगारेट, सोडली असेल तर १५ वर्षांच्या आत. आई यात कुठेच बसत नाही. माणसागणिक धोका काढायचं पीएलसीओएम२०१२ हे गणिती मॉडेल घरातला फुप्फुसाचा कर्करोग, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार), वजन, शिक्षण हेही धरतं, पण तेही ओढणाऱ्यांसाठी किंवा ओढून सोडलेल्यांसाठीच.

सरसकट सगळ्यांचा स्कॅन करा असं मी म्हणत नाही. आपल्याकडे टीबीचे जुने व्रण इतके, की स्कॅनमध्ये तेच गाठीसारखे दिसून नसत्या बायोप्सी वाढतील. म्हणून तर हिशेब नीट हवा. ओपीडीच्या कागदावर निदान एवढं विचारा: चुलीपुढे किती वर्षं? भट्टीवर किती? आणि डिचोली-सांग्याकडच्यांना, खाणीवर किती?