‘वीजबिल निम्मं होईल म्हणाले, उलट वाढलं’ या तक्रारीला आमचं उत्तर

भाऊ, नमस्कार.

आपण एक तारा देऊन जे लिहिलंय ते मी तीनदा वाचलं. इतरांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्या जळगावच्या डाळमिलमध्ये आम्ही मे महिन्यात धूळ ओढून कापडी पिशव्यांवर अडवणारा बॅग फिल्टर बसवला. ‘वीजबिल निम्म्यावर येईल’ असं आमच्या माणसानं सांगितलं. श्रावणात पिशव्या चोंदल्या, पोती भरतात त्या भरणीपाशी पुन्हा धूळ उडायला लागली, बिल वाढलं आणि फोन केल्यावर माणूस यायला ११ दिवस लागले. शेवटी आपण बाकीच्या मिलवाल्यांना सल्ला दिलाय की या भानगडीत पडू नका, जुना सायक्लोन (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी पाडणारं नळकांडं) आणि भिंतीतला एक्झॉस्ट फॅनच बरा.

११ दिवस लागले हे खरं आहे. सर्व्हिसला एकच माणूस, तो नंदुरबारकडे मिरचीच्या कामावर, आणि पावसाळा तोंडावर असूनही मी दुसरा ठेवला नव्हता. आपला पोळा त्या धुळीत गेला. मनापासून माफी मागतो.

परवा मी स्वतः येऊन फिल्टरचं दार उघडलं. आपण बाजार समितीत गेला होता, म्हणून काय दिसलं ते इथेच सांगतो. पिशवीवर तुरीच्या पिठाचा थालीपिठाएवढा जाड थर होता. बोटानं दाबला की दबायचा, पण झटकून पडत नव्हता. कोरडी धूळ अशी कधी धरून बसत नाही. मग कॉम्प्रेसरच्या टाकीचा ड्रेन उघडला, तर तांब्याभर पाणी निघालं. म्हणजे पिशव्या झाडायला जी दाबाची हवा मारतो, तीच पाणी घेऊन आत जात होती. वरून ओलं, खालून पीठ, लगदा व्हायचाच.

हा दोष पूर्णपणे आमचा आहे. दमट हवा कॉम्प्रेसरनं दाबली आणि ती गार झाली की तिच्यातलं पाणी सुटतं, ते काढायला एअर ड्रायर लागतो. आमच्या पहिल्या कोटेशनमध्ये तो होता. आपण किंमत जास्त म्हणालात तेव्हा आम्ही तो काढून टाकला आणि त्यानं काय होईल हे आपल्याला सांगितलं नाही. चाचणी घेतली मे महिन्यात, पारा ४४-४५ वर, हवा अशी की बाजेवर टाकलेला पापड चहा होईपर्यंत वाळावा. त्या हवेत कुठलाही फिल्टर झकास चालतो. शिवाय तुरीला आपण तेल-पाणी देता आणि पावसात ऊन नसलं की ती अर्धवट वाळलेलीच रोलवर जाते. त्या तेलकट, ओलसर धुळीला साधं पॉलिस्टर फेल्ट पुरत नाही, तेल-पाणी धरू न देणारं प्रक्रिया केलेलं कापड लागतं. मी जन्मापासून इथला, जळगावचा पावसाळा मला कोणी सांगायला नको होता.

आता बिलाचं. ‘बिल निम्मं’ हे आमच्या माणसाचं बोलणं चूक होतं. ‘पंख्याची वीज निम्मी’ असं त्यानं म्हणायला हवं होतं. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. ५० हर्ट्झऐवजी ४० वर चालवला, म्हणजे वेग ८० टक्के केला, तर ताकद जवळपास ५१ टक्क्यांवर येते. पूर्वी आपली १५ एचपीची मोटर पूर्ण वेगानं फिरायची आणि हवा कमी करायला पाइपातली झडप, म्हणजे डॅम्पर, आडवा केला जायचा. विहिरीवरची मोटर पूर्ण चालू ठेवून कॉक अर्धा बंद करावा तसं ते होतं. मोटरचा वेगच कमी-जास्त करणारा ड्राइव्ह लावल्यावर तेवढी बचत खरी होते. पण रोल, एलिव्हेटर, चाळण्या, पॉलिशर यांची वीज तीच राहते, आणि मिलच्या बिलात मोठा वाटा त्यांचाच. हे आधी न सांगता आकडा फेकणं बरोबर नव्हतं.

मग बिल वाढलं का? फिल्टरवर दाब दाखवणारी इंग्रजी U आकाराची काचेची नळी आहे, तिच्यातलं रंगीत पाणी पाहा; पिशव्या जितक्या चोंदतात तितका आकडा वाढतो. आम्ही ते ८० ते १२० मिलिमीटरच्या मध्ये ठेवून गेलो होतो, परवा २१० होतं. एवढी पिशवी चोंदली की हवा ओढली जात नाही. धूळ दिसायला लागली म्हणून ऑपरेटरनं ड्राइव्ह ५० वर नेला आणि दाब पाहून झाडायची सेटिंग काढून झाडणं सतत चालू केलं. कॉम्प्रेसर दिवसभर थांबेना. दाबाची हवा फार महाग पडते, तिच्यात घातलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णता होऊन निघून जातो. आणि ओल्या हवेनं जितकं झाडावं तितकी पिशवी जास्त ओली. ऑपरेटरला बोलू नका. त्याला ती काच वाचायला आमच्यापैकी कोणी शिकवलंच नव्हतं.

एक गोष्ट आपल्याकडचीही आहे. मधल्या काळात पॉलिशरवर धूळ ओढून घेणारी दोन नवीन तोंडं, म्हणजे हूड, लागलेत, तेही वळ्यांच्या लवचीक होजनं. तो होज सरळ पत्र्याच्या पाइपपेक्षा कितीतरी जास्त अडवतो, आणि ओढ वाटली गेली ती भरणीच्या वाट्यातून. कुठलाही हूड जोडण्याआधी फोन करा, पैसे घेणार नाही.

पण सायक्लोन आणि एक्झॉस्टच्या सल्ल्याशी मी सहमत नाही, आणि तो दुसऱ्या कोणी मानू नये असं मला कळकळीनं वाटतं. सायक्लोन टरफल आणि जाड चुनी उत्तम धरतो. १० मायक्रॉनच्या खालची धूळ मात्र त्यातून बरीचशी निसटते, आणि छातीत खोलवर जाते ती हीच. भरणीवरच्या मावशी पदर तोंडाला बांधून बसतात, दुपारपर्यंत त्यांच्या पापण्या पिवळ्या झालेल्या असतात. पदरानं ती धूळ थांबत नाही. भिंतीतला फॅन तीच धूळ शेजाऱ्याच्या अंगणात टाकतो. दुसरं, ही धूळ पेटते. २००८ मध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या एका साखर कारखान्यात साठलेल्या साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ माणसं गेली. डाळीचं पीठही हवेत दाट झालं की ठिणगीला तसंच धरतं. म्हणून नवीन पिशव्या अँटिस्टॅटिक, म्हणजे घर्षणाची वीज साठू न देणाऱ्या, असतील आणि सांगाड्याचं अर्थिंग मी स्वतः तपासीन.

काय करणार ते लिहून देतो. ड्रायर आमच्या खर्चानं. सगळ्या पिशव्या बदलून, त्याही आमच्या खर्चानं. पॉलिशरला पत्र्याचा पाइप, त्याचा फक्त पत्रा आपला. ड्राइव्ह पुन्हा ४० वर येईल. आणखी खाली न्या म्हणालात तर नेणार नाही, कारण पाइपात हवा सेकंदाला १८ ते २० मीटरच्या खाली गेली की धूळ आतच बसते आणि सहा महिन्यांनी पाइप कापावा लागतो. दुसरा सर्व्हिसचा माणूस १ तारखेपासून कामावर येतोय.

एक तारा आत्ता बदलू नका. पुढच्या श्रावणात, झड लागलेली असताना, काच पाहून जे वाटेल ते लिहा.

सोमवारी सकाळी पिशव्या घेऊन येतो. त्या दिवशी ऑपरेटरला सुट्टी देऊ नका, अर्धा दिवस मला त्याच्याबरोबरच बसायचंय.