टॅनेव्हने गोल किती केले, हे मला पुन्हा विचारू नका

आमचे साडू टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला राहतात. रविवारी जेवायला एकत्र बसलो की वरणभातावर तूप पडायच्या आत विषय निघतोच: मेपल लीफ्सने, म्हणजे टोरांटोच्या आइस हॉकी संघाने, टॅनेव्हवर पैसे उधळले. २०२४ पासून हेच ऐकतोय. त्यात २०२५-२६ चा बहुतेक हंगाम दुखापतींमुळे तो बाहेर राहिला, म्हणून तर त्यांना आणखीच जोर चढलाय. "बघा, मी सांगत होतो!" काल माझं डोकंच फिरलं.

१ जुलै २०२४ ला टोरांटोने ख्रिस टॅनेव्हला सहा वर्षांसाठी २ कोटी ७० लाख डॉलर दिले, म्हणजे वर्षाला ४५ लाख. त्यावर साडूंचा ठरलेला प्रश्न, "पण गोल किती केले हो त्याने?" अहो, तो बचावपटू आहे! यष्टिरक्षकाला कधी विचारता का, विकेट किती काढल्यास म्हणून? समोरच्याने जीव खाऊन मारलेला पक, म्हणजे हॉकीची ती कडक रबरी चकती, स्वतःच्या पायांवर, बरगड्यांवर घ्यायचा, हे त्याचं काम. टोरांटोत येण्याआधीच्या हंगामात त्याने असे दोनशेच्या वर फटके अंगावर झेलले. त्यातला एकही गोलांच्या रकान्यात दिसत नाही. तो आणि त्याचा जोडीदार जेक मॅकेब रोज समोरच्या संघाच्या सगळ्यात धोकादायक खेळाडूंपुढे उभे राहायचे, आणि २०२४-२५ मध्ये टोरांटो १०८ गुणांनी अटलांटिक गटात पहिला आला. हे का नाही आठवत कुणाला?

आणि भाव जास्त कसा? टोरांटोचा तेव्हाचा जनरल मॅनेजर ब्रॅड ट्रेलिव्हिंग, त्याने २०२० मध्ये कॅल्गरीच्या संघात असताना याच माणसाला वर्षाला ४५ लाखांनीच घेतलं होतं. तेव्हा सॅलरी कॅप, म्हणजे संघाला वर्षाला पगारांवर खर्च करता येणारी कमाल रक्कम, होती ८ कोटी १५ लाख. २०२४ मध्ये ८ कोटी ८० लाख, पुढच्याच वर्षी ९ कोटी ५५ लाख. कॅप वाढत गेली, त्याचा दर तिथेच. मग महाग झाला कुठे?

"पण सहा वर्षं? चौतिसाव्या वर्षी?" हो, करार संपेल तेव्हा तो चाळिशीत असेल. शेवटची दोन वर्षं अवघड जाणार, हे मलाही मान्य आहे. पण तेच २ कोटी ७० लाख चार वर्षांत दिले असते, तर कॅपवर दरवर्षी साडेसदुसष्ट लाखांचा बोजा पडला असता. वर्षं वाढवली ती बोजा पसरवायला! सरळ भागाकार आहे. दर वेळी तो समजावून सांगायचा, आणि पुढच्या रविवारी पाटी पुन्हा कोरी.

पैसे वाया जाणं म्हणजे काय, ते या शहराने पाहिलंय. २००८ मध्ये जेफ फिंगर या बचावपटूला चार वर्षांचे १ कोटी ४० लाख दिले, आणि शेवटची दोन वर्षं तो खालच्या लीगमध्ये मार्लीजकडे खेळला. त्याच्या शेजारी टॅनेव्हला बसवता? जो स्वतःहून पकच्या आडवा जातो त्याला!

हिशेबच मांडायचा तर २०२४-२५ च्या हंगामाचा नीट मांडा. मॅथ्यूज, नायलँडर, टवारेस, मार्नर. चार फॉरवर्डचे, म्हणजे गोल करायलाच ठेवलेल्या खेळाडूंचे, मिळून ४ कोटी ६६ लाख, म्हणजे निम्म्याहून जास्त कॅप या चौघांत. आणि मे २०२५ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध बाद फेरीतला निर्णायक सातवा सामना, घरचं मैदान, सगळं शहर जीव मुठीत धरून बसलेलं. ६-१ ने हरलो. आपला एकमेव गोल मॅक्स डोमीचा. या चौघांपैकी एकाचाही नाही.

त्या रात्री साडूंनी टीव्ही बंद केला आणि शिव्या घालायला पहिलं नाव घेतलं ते टॅनेव्हचं.