दोन सह्या आणि येरवडा

सोलापुरात सध्या एक मेसेज फिरतोय: "घरच्या दोघांच्या सह्या आणि डॉक्टरचा एक कागद, की कुणालाही येरवड्याच्या मनोरुग्णालयात टाकता येतं. एकदा वेडा ठरला की स्वतःबद्दल ठरवायचा हक्क संपला, जमीनही गेली. कोर्ट विचारतसुद्धा नाही." माझ्या टेबलासमोर बसून दोघांनी तो दाखवला. दोघांच्याही घरात भाऊबंदकी. एक घाबरला होता, दुसऱ्याला आशा वाटत होती.

सह्या. नातेवाइकाच्या अर्जावर दाखल करता येतं, एवढं खरं. पण 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम 89 आहे. डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य तज्ज्ञ अशा दोघांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा, आणि तपासणी त्याच दिवसाची किंवा आधीच्या सात दिवसांतली. स्वतःला इजा, दुसऱ्यावर हात उचलणं किंवा स्वतःला धोका होईल इतकी स्वतःची आबाळ, यातलं काहीतरी दोघांनाही दिसलं पाहिजे. "कुणाचं ऐकत नाही" हे त्यात बसत नाही, नाहीतर निम्मं सोलापूर आत असतं. मुदत 30 दिवस. पुढे ठेवायचं तर पुनर्विलोकन मंडळाची परवानगी, त्याबद्दल खाली.

"ठरवायचा हक्क संपला" हे मात्र पार चूक. आजाराचं नाव आणि निर्णयक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी. एक विडी कामगार बाई आठवतात. शेजारच्या गच्चीवरून आपल्याविरुद्ध निरोप जातात, असं त्या ठामपणे सांगायच्या. डॉक्टरांनी गोळी सुचवली तर विचारलं, "हात थरथरतील का? पान कातरायचं असतंय, हजार विड्या कोण वळणार?" कायद्याला हेच बघायचं असतं: सांगितलेलं कळतंय का, परिणाम उमजतोय का, आपलं म्हणणं सांगता येतंय का. गच्चीबद्दल त्या चुकत असतील, गोळीबद्दल नाही. निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून क्षमता नाही असंही म्हणता येत नाही. आणि आज नसलेली क्षमता पुढच्या आठवड्यात येऊ शकते, म्हणून कलम 89 खाली दर सात दिवसांनी ती पुन्हा तपासायची.

"कोर्ट विचारत नाही" हा 1987 च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्याचा राहिलेला वास असावा. तेव्हा दंडाधिकाऱ्याच्या आदेशावर बरंच चालायचं. आता मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ आहे. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचा. डॉक्टरांबरोबर स्वतः आजार भोगलेल्यांना किंवा त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही जागा. दाखल केल्याचं मंडळाला सात दिवसांत कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. दाखल झालेल्यानं तक्रार केली तर मंडळानं सात दिवसांत निकाल द्यायचा. तो पटला नाही तर हायकोर्ट. वकील फुकट मिळतो, आणि हे सांगायची जबाबदारी दवाखान्याच्या डॉक्टरचीही आहे. ते सांगितलंच नाही, अशी एक केस माझ्याकडे आली होती. नातेवाईक तीन आठवडे नुसते पुण्याच्या गाडीनं ये-जा करत राहिले, अर्ज करता येतो हे कुणालाच माहीत नव्हतं. मेसेजला धार येते ती अशा ठिकाणी.

हे सगळं ऐकून आशावाले गृहस्थ म्हणाले, "बरं, मग सातबाऱ्याचं काय?"

आजाराच्या निदानानं कुणी कायद्यानं भ्रमिष्ट ठरत नाही, ते सक्षम न्यायालयानं ठरवायचं. 1872 चा करार कायदाही सांगतो की एरवी भ्रमिष्ट असलेला माणूस शुद्धीवर असताना करार करू शकतो. मतदार यादीतलं नावसुद्धा न्यायालयानं तसं जाहीर केल्याशिवाय जात नाही.

त्यांनी चहा अर्धाच ठेवला.