देव सोडला की आनंदही सुटतो म्हणे!

‘नास्तिकांची सात दुःखं’ नावाचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मागे उगवता सूर्य, खाली ‘अकरा जणांना पाठवा’ अशी तंबी. सांगणं असं की देवधर्म सोडलेल्या माणसाचं मन कोरडं पडतं, त्याला सृष्टीचं नवल वाटेनासं होतं, तो डिप्रेशनमध्ये जातो आणि संकट आलं की मुकाट देव्हाऱ्यापुढे येऊन बसतो. असले मेसेज मी एरवी न उघडताच पुसून टाकते. पण हा आमच्या आत्याने घरच्या ग्रुपवर टाकला, तोही लेकीला उद्देशून: ‘हे नीट वाच गं.’ लेक म्हणजे माझी आतेबहीण. ती डिप्रेशनवर औषधं घेते आणि अलीकडे तिने पूजाअर्चा सोडलीय. खाली सगळ्यांनी हात जोडले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिला विचारून हे लिहितेय.

सातातलं जे तेच ते आहे, ते सोडून देते.

आइन्स्टाइनचा किस्सा. वर्गात नास्तिक प्राध्यापक, त्यांना ‘अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव, तसं पाप म्हणजे देवाचा अभाव’ असं सुनावणारा चुणचुणीत विद्यार्थी, आणि तो विद्यार्थी म्हणे आइन्स्टाइन. साफ बनावट गोष्ट. खऱ्या आइन्स्टाइनने ३ जानेवारी १९५४ रोजी एरिक गुटकिंड या तत्त्वज्ञाला लिहिलेल्या पत्रात देव ही माणसाच्या दुबळेपणातून आलेली कल्पना आहे, असं स्वच्छ म्हटलंय. विश्वाची रचना पाहून तो आयुष्यभर थक्क होत राहिला हे खरं. म्हणजे मेसेजवाल्यांनी साक्षीला बोलावला तो नेमका उलट साक्ष देणारा.

‘नास्तिक देशांत आत्महत्या सर्वाधिक.’ इथे बोट फिनलंडकडे. तिथे १९९०च्या सुमारास आत्महत्यांचं प्रमाण भयंकर होतं, बरोबर. पुढे ते जवळपास निम्म्यावर आलं. लोक चर्चकडे परतले म्हणून का? नाही, चर्चपासून ते या काळात लांबच गेले. तिथल्या सरकारने १९८६ पासून दहा वर्षं आत्महत्या रोखण्याची देशव्यापी मोहीम चालवली, डिप्रेशनवरचे उपचार वाढले. आणि हाच देश २०१८ पासून जागतिक आनंद अहवालात दरवर्षी पहिला येतोय. देव सोडल्यामुळे पहिला येतो असं मी म्हणणार नाही. कागदोपत्री बहुतेक फिनिश माणसं अजून चर्चची सभासद आहेत. पण मेसेजचा हिशोब तर त्याहून चुकतो.

आता नवलाचा मुद्दा. ‘नास्तिकाला सूर्योदय म्हणजे नुसता वायूचा गोळा.’ लिहिणारा कधी लोणारला गेलाय का? बुलढाणा जिल्ह्यातलं ते सरोवर म्हणजे विष्णूने लवणासुराला मारलं ती जागा, अशी कथा आहे. कथा चांगली आहे, लहानपणी मलाही आवडायची. पण काठावर उभं राहून खालची ती जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद वाटी पाहताना, लाखो वर्षांपूर्वी आकाशातून आलेल्या एका धोंड्याने काळ्या बेसाल्ट खडकात हे भोक पाडलं, हे माहीत असलं की पाय खरोखर लटपटतात. त्या धक्क्यात खडकातल्या फेल्डस्पार खनिजाची जागच्या जागी काच झाली. साध्या ज्वालामुखीत तशी होत नाही, म्हणून तर हे उल्काविवर आहे हे पक्कं करता आलं.

जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झालं, आठवतंय? तेव्हा याच ग्रुपवर ‘कलियुगाची खूण’ म्हणून फोटो आले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले. पाणी आटून खारटपणा वाढला, तेव्हा खारात तगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले, आणि रंग त्यांचा. नमुना स्थिर ठेवला तर ते तळाशी बसतात आणि वरचं पाणी निवळतं. म्हणजे अख्ख्या तळ्याला रंग देणारी, डोळ्यांना न दिसणारी जिवंत वस्ती, आणि ती बरणीत खाली बसताना बघता येते! कारण कळलं म्हणून नवल संपलं असं मला तरी झालेलं नाही. उलट ‘देवाची करणी’ म्हटलं की पुढचा प्रश्नच कुणी विचारत नाही.

आता तो मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसले. मेसेजमधलं वाक्य जसंच्या तसं: ‘डिप्रेशन हा आजार नाही, देवापासून तुटल्याची शिक्षा आहे. गोळ्या थांबवा, एकवीस दिवस स्तोत्र म्हणा, फरक बघा.’

उचलली जीभ लावली टाळ्याला! माझी बहीण आजारी पडली तेव्हा नास्तिक नव्हती. कडक गुरुवार करायची, पोथीचं पारायण चालू होतं. त्याच पारायणात एके दिवशी ती अंथरुणातून उठेना. आंघोळ नाही, जेवण नाही, फोन वाजला तरी भिंतीकडे तोंड. आणि घरातून ऐकायला काय मिळालं? ‘श्रद्धा कमी पडतेय.’ मग उपास वाढवले. आजाराच्या जोडीला अपराधीपणा आला, की आपली भक्तीच खोटी. डॉक्टरांकडे जायला त्यामुळे किती उशीर झाला ते आत्यालाही ठाऊक आहे. देव तिने सोडला तो सावरायला लागल्यावर.

आणि ‘गोळ्या थांबवा’ हे तर निव्वळ धोकादायक. या गोळ्या एकदम बंद केल्या तर अनेकांना चक्कर येते, मळमळतं, झोप उडते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं, आजार उलटू शकतो. कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. कुणाला नामस्मरणाने शांत वाटत असेल तर खुशाल करावं, गोळी घेऊन करावं. बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करते. ‘धार्मिक माणसं जास्त सुखी असतात’ यात अर्धं तथ्य आहे. प्यू रिसर्च या सर्वेक्षण संस्थेच्या २०१९च्या अहवालात अमेरिकेतल्या सक्रिय धार्मिक लोकांपैकी ३६ टक्के स्वतःला ‘खूप सुखी’ म्हणवतात. कुठलाच धर्म न मानणाऱ्यांत २५ टक्के. पण का, हा प्रश्न लिम आणि पुटनम या दोन अभ्यासकांनी २०१० मध्येच धसाला लावला होता. दर आठवड्याला प्रार्थनेला जाणारे आणि तिथे तीन ते पाच जिवलग मित्र असलेले, यांच्यात आयुष्याबद्दल ‘अत्यंत समाधानी’ ३३ टक्के. तितक्याच नेमाने जाणारे, पण तिथे जिवलग कुणी नसलेले: १९ टक्के. आणि कधीच न जाणारे? तेही १९ टक्के!

अभ्यास अमेरिकेतला आहे, पण वारीत चाललेल्या कुणालाही विचारा. दिंडीत पायाला फोड आले की तेल चोळायला शेजारचा बसतो, भाकरी वाटून खातात. धर्म सोडणाऱ्याचं हे सुटतं, आणि ते झोंबतं. आरतीला बोलावणं येईनासं होतं, हळदीकुंकवाच्या यादीतून नाव गळतं. आमचे विवेकवादी मित्र व्याख्यानं उत्तम ठेवतात, पण नंतर चहा-बिस्किटावर भागवतात, तिथे भंडाऱ्याची सर कुठून येणार! तरी ते अशक्य नाही. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले अशा मंडळींनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगावी करून कार्यकर्त्यांसाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, तेव्हा कुठल्या देवाचा नवस होता?

लागूंवरून शेवटचा मुद्दा, ‘संकटात नास्तिक वळतोच.’ धावत्या रेल्वेगाडीवर कुणीतरी भिरकावलेल्या दगडाने त्यांचा मुलगा तन्वीर गेला. लागू वळले नाहीत. मुलाच्या नावाने रंगकर्मींना तन्वीर सन्मान द्यायला त्यांनी सुरुवात केली आणि २०१९ मध्ये, ९२व्या वर्षी, नास्तिकच गेले. उत्क्रांतीवाला डार्विन मरणशय्येवर पस्तावून देवाकडे वळला, ही गोष्टही अशीच रचलेली. त्याच्या मुलीनेच ती खोडून काढली होती.

आत्या, एवढं वाचलं असशील तर ग्रुपवरचा तो मेसेज काढून टाक. आणि लेकीला या रविवारी नुसतं जेवायला बोलाव. ती सहा महिने वाट बघतेय. पानावर बसल्यावर देवाचा विषय काढू नकोस, गोळ्यांचा तर नाहीच.