तिथी नसलेले श्राद्ध

पितृपंधरवड्यात आमच्या घरी माझ्या पणजोबांचे पान सर्वपित्री अमावास्येला वाढले जाते. ज्यांची मृत्युतिथी माहीत नाही, त्यांच्यासाठी हा दिवस राखलेला आहे. शस्त्राने मरण आलेल्यांचे श्राद्ध आदल्या दिवशी, चतुर्दशीला करण्याची रीत आहे, आणि पणजोबा तर पलटणीतले शिपाई होते. मग त्यांचे श्राद्ध चतुर्दशीला का नाही, असे मी लहानपणी आजोबांना विचारले होते. ते म्हणाले, ‘‘त्यांना गोळी लागली, की ते उपासमारीने गेले, की पटकीने, हे आपल्याला कुणी कधी कळवलेच नाही. मग चतुर्दशी कशाच्या आधारावर धरायची?’’ सामान्य सैनिकाच्या मरणाविषयी नंतर मी बरेच वाचले, पण त्या उत्तराइतके मनाला लागलेले दुसरे काही मला आठवत नाही.

पणजोबा ११० व्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. पहिल्या महायुद्धात ही पलटण सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये लढत होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या वाटेवर टेसिफोन येथे मोठी हानी झाल्यावर ही डिव्हिजन मागे हटून तैग्रिस नदीच्या वळणावरील कुत-अल-अमारा या गावात आली आणि डिसेंबरात तुर्की सैन्याने तिला वेढले. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. शिधा संपत आला तेव्हा घोडे कापले गेले. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला आणि धर्माची आडकाठी नाही असे हिंदुस्थानातून कळवून घ्यावे लागले. शेवटी २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शरण गेली. वाळवंटातून चालवत नेलेल्या या कैद्यांपैकी अनेक वाटेत मेले, आणि जगले त्यांच्यातले कित्येक रेल्वेमार्गाच्या वेठीच्या कामावर गेले. या सगळ्यात पणजोबांचा शेवट नेमका कुठे झाला, याचा पत्ता घरच्यांना कधीच लागला नाही.

ते का गेले होते, याचेही उत्तर मला घरातच मिळाले. त्या काळी शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. १८९९-१९०० च्या दुष्काळाने आणि प्लेगच्या वर्षांनी खंगलेल्या, वाटण्या होऊन तुकडे पडलेल्या कोरडवाहू जमिनीच्या घरात दरमहा येणारे ११ रोख रुपये म्हणजे केवढा आधार होता, हे वेगळे सांगायला नको. अशा माणसाला आज कुणी साम्राज्याचा भाडोत्री म्हणते, तर कुणी पराक्रमी वीर म्हणून त्याच्यावर हार घालते. मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. तो कर्त्या वयाचा मुलगा होता, घर चालावे म्हणून भरती झाला होता, आणि ज्या राज्यासाठी लढला त्या राज्यात त्याला मताचा अधिकारही नव्हता. त्याच्या मरणाचा मान राखायचा, तर आधी हे जसे होते तसे मांडले पाहिजे.

आणि त्याच्या मागे राहिलेल्यांचे काय? पणजी तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची असेल. एक मुलगा दोन वर्षांचा, म्हणजे माझे आजोबा, आणि एक मुलगी तान्ही. प्रथम मनीऑर्डर यायची थांबली. मग ‘बेपत्ता’ असा कागद आला आणि त्यानंतर कितीतरी काळ काहीच आले नाही. त्या काळात तिने कुंकू लावायचे की नाही, यावर घरात वाद झाला होता. सासू म्हणे, मुलगा परत येणार आहे, कपाळ मोकळे ठेवायचे नाही. भावकीतले काहीजण म्हणत, कागद आला म्हणजे सगळे संपलेच. शेवटी युद्ध संपल्यावर मृत्यूचा कागद पाटलाने चावडीवर वाचून दाखवला आणि त्या दिवशी तिचे कुंकू पुसले गेले. तान्ही मुलगी त्याआधीच, १९१८ च्या मानमोडीच्या साथीत गेली होती. आपल्याला लेक झाल्याचे पणजोबांना पत्राने कळले होते की नाही, हा प्रश्न पणजी म्हातारपणीही विचारत असे.

पुढे तिला पेन्शन सुरू झाले. ते घेण्यासाठी ती तालुक्याच्या कचेरीत पायी जाई. सोबत पाटलाचा दाखला न्यावा लागे, की ही बाई जिवंत आहे आणि हिने पाट लावलेला नाही. या दाखल्याविषयी आजोबा फार कमी बोलत. पण वर्षानुवर्षे चारचौघांसमोर उभे राहून आपण अजून विधवाच आहोत हे सिद्ध करणे तिला काय वाटत असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. युद्धाच्या इतिहासात लढायांचे नकाशे असतात, पदकांच्या याद्या असतात. कचेरीच्या ओट्यावर दिवसभर बसून राहिलेल्या अशा हजारो बायकांसाठी तिथे एक ओळही सापडत नाही. माझ्या मते युद्धाचा सर्वांत लांबलेला भाग त्यांनीच सोसला.

पेन्शनच्या कागदांबरोबर केव्हातरी घरी एक काशाची तबकडी आली होती. महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या वारसाला ब्रिटिश सरकार ती देत असे. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची, तिच्यावर ब्रिटानिया देवी, सिंह आणि मृताचे नाव. सर्वांचे बलिदान सारखे मानले जावे म्हणून तिच्यावर हुद्दा मुद्दाम कोरलेला नसे; कर्नल असो वा शिपाई, नुसते नाव. तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मरण पावला, अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कडेने होते. घरात कुणाला इंग्रजी वाचता येत नव्हते, तरी आपल्या माणसाचे नाव त्यात कुठेतरी आहे एवढे पणजीला ठाऊक होते आणि ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत असे. १९७२ च्या दुष्काळात भांड्यांबरोबर ती तबकडीही मोडीत गेली. याबद्दल मी कुणाला दोष देत नाही; घरात दाणा नव्हता.

तबकडीवर नाव होते आणि हुद्दा नव्हता. बसऱ्याच्या स्मारकावर नेमके याच्या उलट घडले आहे. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची थडगी सापडत नाहीत अशा ४०,००० हून अधिक जणांचे ते स्मारक आहे. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही नावे आहेत; पण हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीच्या नावाखाली फक्त मेलेल्यांची संख्या कोरलेली आहे. फ्रान्समध्ये नव-शापेल येथे, १९२७ साली उघडलेल्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे कोरता आली, मग बसऱ्याला का आली नाहीत? ज्या युद्धस्मारक आयोगाने (आजचे ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’) हे काम केले, त्याचे घोषित तत्त्व अधिकारी आणि शिपाई यांत भेद न करण्याचे होते. याच आयोगाने नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. किमान १,१६,००० मृतांची, ज्यांत मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन माणसे होती, नावाने किंवा मुळीच नोंद ठेवली गेली नाही, हे त्यात मान्य केले आहे आणि त्या काळच्या वंशभेदी दृष्टीकडे स्पष्ट बोट दाखवले आहे. आयोगाने माफीही मागितली. माफी शंभर वर्षांनी आली, तरी ती आली याचे मला मोल वाटते.

परंतु आपल्या गावांतले दगड अजून तसेच आहेत. महाराष्ट्रात अनेक खेड्यांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली दिसते: या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले आणि गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ हे नाव मिळाले. आमच्या गावच्या पाटीवर चार असा आकडा आहे. परक्या सरकारला चार हा आकडा पुरेसा वाटला असेल. पण गावाला तो का पुरावा? त्या चौघांचे पणतू आजही त्याच पाटीसमोरून रोज शाळेत जातात.

इंग्रजांसाठी लढलेल्यांची नावे आता कशाला कोरायची, असे मला ग्रामसभेत विचारले गेले. प्रश्न रास्त आहे आणि त्याचा मला राग आला नाही. नाव कोरणे म्हणजे साम्राज्याची थोरवी गाणे नव्हे. दगड तर आधीपासूनच भिंतीत आहे, आणि त्यावर साम्राज्याचे शब्द आहेत, आपली माणसे नाहीत. मला आपली माणसे तिथे हवी आहेत.

काम अशक्य नाही. स्मारकावर नावे नसली, तरी आयोगाच्या नोंदवह्यांत बऱ्याच शिपायांची नावे आहेत आणि त्या नोंदी इंटरनेटवर शोधता येतात. इंग्रजी कारकुनाने ऐकून लिहिलेली स्पेलिंगे ओळखू न येण्याइतकी बदललेली असतात, म्हणून गावाचे नाव चार-पाच तऱ्हांनी लिहून पाहावे लागते. पण अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा मिळतो. लाहोरच्या संग्रहालयात पडून राहिलेल्या पंजाबच्या नोंदवह्यांतून तिकडच्या सुमारे ३,२०,००० सैनिकांची माहिती अशीच उजेडात आली. माझ्या चुलतभावाने आणि मी दोन हिवाळे बसून आमच्या गावची नावे शोधली. पणजोबा सापडले. त्यांच्याच पलटणीतले दुसरे एक सापडले. तिसरे गावातल्या महारवाड्यातले निघाले, त्यांच्या नातवाला आजोबांचा भाऊ ‘बसऱ्याला गेला’ एवढेच माहीत होते.

चौथे नाव अजून मिळालेले नाही. ते लढणाऱ्या पलटणीत नसून हमाल, खेचरवाले किंवा पाणके म्हणून गेलेले असतील, तर त्यांची नोंद आणखी विरळ असणार. गावात तीन-चार वयस्कर माणसांना विचारून झाले. एका आजींना त्यांच्या सासऱ्यांकडून ऐकलेले टोपणनाव तेवढे आठवते. ग्रामसभेने गेल्या महिन्यात ठराव मंजूर केला आहे. जुनी पाटी तशीच राहील, तिच्याखाली नवी बसेल. कारागिराने विचारले, की तीनच नावे मध्यभागी नीट मांडून देऊ का. आम्ही त्याला चार ओळींची जागा आखायला सांगितली आहे.