आपाचा हिस्सा

धाकट्या भावाचा फोन दर शुक्रवारी येतो. जुम्याची नमाज आटोपून तो घरी पोचतो तेव्हा इथे ऑस्लोत सकाळ असते आणि मी कामावर असतो. तरी उचलतो. गेले कित्येक महिने विषय एकच आहे, भोंगे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धक हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं म्हटलं, तेव्हापासून कुठल्या मशिदीवरचा भोंगा उतरला आणि कोण काय बोललं याचा वृत्तांत मला दर आठवड्याला मिळतो. मागच्या शुक्रवारी तो चिडून म्हणाला, "भाईजान, अजानच ऐकू आली नाही तर दीन उरला कुठे?" दीन म्हणजे धर्म.

मी म्हटलं, "मी बारा वर्षांत मशिदीच्या बाहेर अजान ऐकलेली नाही."

तो गप्प झाला. माझं बोलणं त्याला लागलं असणार, कारण मी सुरक्षित अंतरावर बसून बोललो. तो राहतो तिथे भोंग्याचा वाद आवाजापुरता नसतो. तुम्ही इथे असावं की नसावं, हा प्रश्न त्यात मिसळलेला असतो, आणि तो रोज ऐकणाऱ्याला मी परदेशातून शहाणपण सांगणं बरं नव्हे. पण 'दीन उरला कुठे' या प्रश्नाबरोबर मीही बारा वर्षं काढली आहेत, म्हणून माझं उत्तर लिहून काढतो.

लहानपणी मकतबमध्ये, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेत, आम्ही ईमान, म्हणजे कशाकशावर श्रद्धा ठेवायची ते, पाठ केलं. अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याच्या किताबा, त्याचे रसूल, आखिरतचा, म्हणजे अंतिम न्यायाचा, दिवस, आणि तकदीर, बरी असो वा वाईट, अल्लाहकडूनच. मग इस्लामचे पाच अरकान (स्तंभ), म्हणजे कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज. हे सगळं ज्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचन-वर्तनाच्या नोंदीत, एकत्र येतं ती 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात आहे. पांढरेशुभ्र कपडे घातलेला एक अनोळखी माणूस येतो, अंगावर प्रवासाची खूण नाही, पैगंबरांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसतो आणि प्रश्न विचारतो. तो गेल्यावर कळतं की ते फरिश्ते जिब्रील होते. इस्लाम म्हणजे काय, ईमान म्हणजे काय, हे दोन प्रश्न आम्हाला तोंडपाठ होते. तिसरा होता, एहसान म्हणजे काय? उत्तर असं की अल्लाहला पाहत असल्यासारखी त्याची इबादत (उपासना) कर, आणि तुला तो दिसत नसला तरी तो तुला पाहतोच आहे. इथे आमचे मौलवीसाहेब घाईत असत, कारण यात मोजून घेण्यासारखं काही नव्हतं.

२०१६ चा रमजान इथे जूनमध्ये आला. सूर्य रात्री साडेदहानंतर मावळायचा आणि पहाट नेमकी कधी धरायची यावरच मशिदींच्या वेळापत्रकांत मतभेद होते. कुणी मक्केच्या वेळेने रोजा सोडायचे, कुणी रात्र-दिवस स्पष्ट वेगळे असलेल्या जवळच्या प्रदेशाच्या वेळेने. (याला आधार आहे. दज्जालच्या, म्हणजे कयामतीआधी येणाऱ्या तोतया मसीहाच्या, काळात एक दिवस वर्षाएवढा असेल हे ऐकून सहाबांनी, पैगंबरांच्या साथीदारांनी, विचारलं होतं की त्या दिवशी एका दिवसाच्या नमाजा पुरतील का. पैगंबर म्हणाले, नाही, अंदाजाने वेळ ठरवा.) मी सूर्याबरोबरच राहिलो. दुपारी चारला गोदामात मी एकटा असायचो. पाण्याचा नळ पाच पावलांवर. मी पाणी प्यायलो असतो तर त्या अख्ख्या शहरात कुणाला कळलं नसतं, आणि कळलं असतं तरी काही वाटलं नसतं. घरी रमजानात शेकडो डोळे माझा रोजा सांभाळायचे. इथे तो मला नाहीतर अल्लाहला सांभाळायचा होता. मौलवीसाहेबांनी घाईत उरकलेला तो तिसरा प्रश्न रोज त्या नळाशी माझी वाट पाहत असायचा.

म्हणून परदेशातला एकटा दीन जास्त खरा, असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. सहा वर्षांपूर्वी अब्बा गेले तेव्हा मी मातीला पोचू शकलो नाही. अम्मी आधीच गेली होती. आम्ही शाफई, म्हणजे सुन्नींमधल्या चार विधीपंथांपैकी एका पंथाचे. गैरहजर मय्यतीची, म्हणजे समोर नसलेल्या मृताची, नमाज आमच्यात चालते, पैगंबरांनी हबशाचा (इथिओपियाचा) राजा नजाशी याची पढली होती तशी. इथल्या सोमाली इमामांनी ती पढवली, तेही शाफईच. हनफी या दुसऱ्या पंथाच्या बांधवांत ती चालत नाही, ते बाजूला बसून राहिले आणि नंतर दुआला येऊन मला बिलगले. अब्बांना न पाहिलेल्या माणसांची नमाजेची ती सफ (रांग) मी विसरणार नाही. जमात, म्हणजे एकत्र नमाज पढणारी माणसं, काय असते ते एकट्याने कळत नाही.

तिकडे त्याच दिवशी भावाने कबरस्तानात उभं राहून सांगितलं, "अब्बांकडे कुणाचं काही येणं असेल तर माझ्याकडे या." कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाच्या जनाजाची नमाज पैगंबरांनी थांबवली होती आणि सहाबी अबू कतादांनी ते कर्ज स्वतःवर घेतल्यावरच पढवली, हे त्याला पाठ होतं. दोघे जण आले. त्याने दोघांचेही पैसे फेडले. मला त्याचा अभिमान आहे.

पण कुराणातल्या 'सूरह निसा'मध्ये कर्ज फेडायला सांगणाऱ्या त्याच आयतीत वाटणीही आहे. मुलाला दोन, मुलीला एक. आम्ही दोन भाऊ आणि आमची बहीण आपा, म्हणजे घराच्या पाच वाट्यांतला एक तिचा. त्याआधीची सातवी आयत तर सांगते की वारसा थोडा असो वा फार, बाईचा हिस्सा ठरलेला आहे, फर्ज केलेला आहे. १९३७ च्या शरीयत कायद्यातून शेतजमीन वगळलेली असल्याने कित्येक घरांना सबब मिळते. आमचं तर नुसतं घर आहे, आम्हाला तीही नाही. सहा वर्षं आम्ही म्हणत आलो, "आपाने माफ केलंय." तिच्या हातात हिस्सा आधी दिला कुणी, की तिने तो माफ करावा? रिवाजाच्या दबावाखाली सोडलेला हक्क सुटत नाही, असं अनेक उलेमा सांगतात. यात भाऊ एकटा दोषी नाही. मीही तेवढाच वारस आहे आणि तेवढाच गप्प बसलो.

२७ जानेवारी २०२५ पासून उत्तराखंडात समान नागरी कायदा लागू झाला तेव्हा भावाने तासभर शरीयतची बाजू मांडली होती. त्याचे काही मुद्दे मला आजही पटतात. पण तेव्हाही आपाचं नाव आमच्यापैकी कुणाच्या तोंडी आलं नाही. 'मुफलिस'ची, म्हणजे दिवाळखोराची, हदीस दोघांनाही माहीत होती. कयामतच्या दिवशी एक जण नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल, मग त्याच्या नेक्या त्या-त्या माणसांना वाटल्या जातील. भोंगा राहिला काय, उतरला काय, आखिरतवर ईमान आहे म्हणणाऱ्याला हा हिशेब द्यावाच लागतो.

त्या शुक्रवारी तो गप्प असतानाच मी म्हटलं, "आपाचा हिस्सा काढू या."

"ती मागत नाहीये, भाईजान."

"तिने मागायची गरजच नाही."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सोमवारी घराचा उतारा काढतो. वारस नोंदीत तिचं नाव घालायला काय काय कागद लागतात तेही विचारून येतो. तुझी सही लागेल."