पीएस४ आणि पीएस५ मध्ये फरकच नाही म्हणे!

तो मेसेज तुमच्याकडेही आलाच असेल, सगळीकडे फिरून राहिला सध्या. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक या गेमचे दोन फोटो शेजारी शेजारी, डावीकडे पीएस४ म्हणजे सोनीचा जुना गेमिंग कन्सोल प्लेस्टेशन ४, उजवीकडे नंतरचा पीएस५, आणि खाली "फरक शोधून दाखवा". मग पुढे मुद्दे: टेराफ्लॉप्स (मशीन सेकंदाला किती हिशेब करतं त्याचा आकडा) नुसते कागदावर, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी आलेली वेगवान साठवण) म्हणजे फक्त लोडिंग, २०१८ ची रेड डेड २ आजच्या गेम्सपेक्षा भारी दिसते, पीएस१ वरून पीएस२ वर जाताना जी उडी होती ती आता कुठाय, आणि शेवटी निकाल की पैसे वाचवा, पीएस४ वरच खेळा. आमच्या नागपुरातल्या ग्रुपवर तर हा इतक्यांदा आला की बर्डीवर कन्सोल घ्यायला निघालेला माणूस व्हेरायटी चौकातूनच परत फिरायचा.

तर भाऊ, आधी तो फोटो. रॅग्नारॉक नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन्ही मशीनवर एकदमच आला, म्हणजे पीएस४ वर चालला पाहिजे या हिशेबानेच तो बनवला, मग त्यात नव्या मशीनचा सगळा जोर दिसणार कुठून? त्यात फोटो व्हॉट्सअॅपने दाबलेला, पाहायचा मोबाइलवर. आणि फोटो हलत नाही हो! पीएस४ वर तो गेम सेकंदाला ३० फ्रेमने, म्हणजे ३० चित्रांनी चालतो, म्हणजे एक चित्र ३३ मिलिसेकंद पडद्यावर, पीएस५ वर ६० फ्रेम, साडेसोळा-सतरा मिलिसेकंद. कॅमेरा गर्रकन फिरवला की ३० मध्ये मागचं सगळं पुसट होतं नाहीतर झटके मारतं, ६० मध्ये झाडं झाडंच दिसतात. हा फरक फोटोत येऊच शकत नाही.

खरंच फरक पाहायचा असेल तर स्पायडर-मॅन माइल्स मोरालेस लावा, तोही दोन्हीवर आहे. काचेच्या एखाद्या बिल्डिंगवर चढा आणि काचेत पाहा. पीएस४ वर काचेत आधीच बनवून ठेवलेलं एक चित्र असतं, शहरासारखं काहीतरी, समोर खरं काय आहे त्याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. पीएस५ वर रे ट्रेसिंगचा, म्हणजे उजेडाचे किरण कसे जातील याचा त्या क्षणी हिशेब करणारा मोड लावला की समोरची बिल्डिंगच दिसते, खालून गाडी गेली तर ती गाडी, आणि तुम्ही स्वतः. पळताना लक्ष जात नाही म्हणाल तर हौ, नाही जात, पण एकदा थांबून पाहिलं की जुनी काच डोळ्याला खुपायला लागते.

आता टेराफ्लॉप्स. पीएस४ चे १.८४, पीएस५ चे १०.२८, म्हणजे साडेपाचपट, मग ग्राफिक्स साडेपाचपट काहून नाही असं विचारतात. अहो पण फुल एचडीमध्ये पिक्सेल असतात २० लाख ७३ हजार आणि ४के मध्ये जवळपास ८३ लाख, बरोबर चौपट. त्यावर वरून फ्रेमही दुप्पट पाहिजेत. पगार वाढला आणि सगळा ईएमआयमध्ये गेला, तसं झालं हे, घरात नवीन काही दिसत नाही म्हणून पगार वाढलाच नाही म्हणायचं का? बरं, डब्यावर ४के लिहून आत भलतंच चालतं ही तक्रार मात्र खरी आहे. इमॉर्टल्स ऑफ एव्हियमसारखा गेम आला तेव्हा पीएस५ वर आतून ७२०पी ला, म्हणजे फुल एचडीपेक्षाही कमी पिक्सेलमध्ये चालायचा आणि मग ते चित्र ताणून मोठं केलं जायचं, हालचालीत कडा थरथरायच्या. तिथे शिव्या द्या, मीही देतो. पण तो दोष त्या त्या गेमचा.

आणि टीव्हीचं काय? नागपुरातल्या कितीतरी गेमिंग पार्लरमध्ये पीएस५ आहे आणि तो जोडलाय जुन्या ३२ इंची टीव्हीला, त्यावर पोरं एफसी हा फुटबॉलचा गेम खेळतात. सेटिंग्जमध्ये स्क्रीन अँड व्हिडिओ, त्यात व्हिडिओ आउटपुट उघडून पाहा बे, १९२० बाय १०८०, म्हणजे फुल एचडी, आणि एचडीआर (उजेड-अंधार जास्त खुलवणारी सोय) नाही असं लिहिलेलं दिसेल. मशीनने ४के बनवलं तरी ते आकसून फुल एचडीच होणार, कडा थोड्या गुळगुळीत, बस. तिथे बसून कोणी फरक नाही म्हणालं तर तो खोटं नाही बोलत, पण त्याने निकाल टीव्हीचा द्यायला पाहिजे, देऊन राहिला कन्सोलचा. 

एसएसडी म्हणजे फक्त लोडिंग, हा मला सगळ्यात कच्चा मुद्दा वाटतो. पीएस५ चा मुख्य आर्किटेक्ट मार्क सर्नी याने मार्च २०२० च्या भाषणात हे नीट समजावलं होतं. पीएस४ ची हार्ड डिस्क सेकंदाला ५० ते १०० एमबी देते, म्हणून पुढच्या तीसेक सेकंदांत जे जे लागू शकतं ते सगळं आधीच मेमरीत भरून ठेवावं लागतं. पीएस५ ची एसएसडी सेकंदाला साडेपाच जीबी, त्यामुळे पुढच्या एका सेकंदाचं ठेवलं तरी भागतं आणि उरलेली जागा आत्ता डोळ्यासमोर जे आहे त्याला मिळते. पीएस४ च्या स्पायडर-मॅनमध्ये तर काही वस्तूंचा डेटा डिस्कवर चारशे-चारशे वेळा परत परत लिहून ठेवला होता, डिस्कची सुई शोधत बसू नये म्हणून! मग सांगा, हे ग्राफिक्स नाही तर काय आहे? हां, जाहिरातीत जरा जास्तच ताणलं, रॅचेट अँड क्लँक रिफ्ट अपार्ट हा गेम एसएसडीशिवाय होऊच शकत नाही असं वातावरण केलं आणि २०२३ मध्ये तो पीसीवर साध्या हार्ड डिस्कवरही चालला, पोर्टलमधून एका जगातून दुसऱ्या जगात जाताना अडकत अडकत का होईना.

रेड डेड २ सुंदर आहे, त्यावर वादच नाही. पण पहिला भाग २०१० चा, दुसरा २०१८ चा, मधली वर्षं आणि पैसा पाहा ना. तो चमत्कार त्या स्टुडिओचा आहे, आणि साध्या पीएस४ वर तो ३० फ्रेमनेच चालतो. लास्ट ऑफ अस २ चंही तसंच, तिथला उजेड बहुतेक आधीच हिशेब करून भिंतींवर छापून ठेवलेला आहे. म्हणूनच तो इतका देखणा, आणि म्हणूनच प्रत्येक सीनची वेळ ठरलेली, दिवस आपोआप मावळत नाही. उलट मेट्रो एक्सोडसची २०२१ ची सुधारलेली आवृत्ती घ्या, त्यात सगळा उजेड रे ट्रेसिंगने त्या क्षणी काढला जातो, तोही पीएस५ वर ६० फ्रेमचं टार्गेट ठेवून.

उडी लहान झाली हे मात्र मान्य, त्यात लाज कसली. पीएस१ ची मुख्य मेमरी २ एमबी, पीएस२ ची ३२, पीएस३ ची मुख्य आणि ग्राफिक्सची मिळून ५१२, पीएस४ ची ८ जीबी, दरवेळी सोळापट, आणि पीएस५ ला १६ जीबी, फक्त दुप्पट. शिवाय चौकोनी तोंड गोल झालं की सगळ्यांना दिसतं, गोल तोंड आणखी गोल केलं तर कोणाला दिसणार? पण लहान उडी म्हणजे उडीच नाही, हे कुठून काढलं?

राहिला शेवटचा निकाल, पीएस४ वरच खेळा. खुशाल खेळा, जुन्या गेम्सचा ढीग आहे. फक्त सायबरपंक हा गेम डिसेंबर २०२० मध्ये पीएस४ वर इतका वाईट चालला की सोनीला तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काही महिने काढावा लागला, आणि त्याचा २०२३ चा पुढचा भाग फँटम लिबर्टी पीएस४ वर आलाच नाही. ॲलन वेक २ नाही आला, जीटीए ६ ची घोषणाही पीएस५ आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज कन्सोलसाठीच आहे. फुल एचडी टीव्ही असेल, फक्त एफसी खेळायचं असेल तर नका घेऊ, मीच सांगतो. बाकी ज्याला घ्यायचाय त्याने आधी आपला टीव्ही ४के आहे का ते पाहावं, आणि दुकानदाराला माइल्स मोरालेस लावायला सांगावा.